मागच्या भिंतीपर्यंतची केबल

दिंडोशी, ११ मे

देवू,

तुझ्या जहाजावर फोन लागत नाही आणि मेलमधले फोटो वाटेतच गळतात, म्हणून सगळं लिहूनच कळवते. काम तुझ्याच धंद्यातलं आहे. तू समुद्राच्या तळाशी केबल टाकतोस, मला सोसायटीच्या आवारात टाकायची आहे.

एप्रिलपासून मी सेक्रेटरी आहे. कुणी तयार नव्हतं, ते माझ्या गळ्यात पडलं. आता मागच्या भिंतीशी एक कॅमेरा लावायचा ठरलंय. तुला आठवत असेल, आपल्या सात इमारती संपल्या की पंपघर, त्यापुढे पाण्याची जुनी टाकी, मग भिंत आणि भिंतीपलीकडे थेट जंगल. सगळे कॅमेरे ज्या टीव्हीवर दिसतात ती केबिन पार दुसऱ्या टोकाला, मेन गेटवर. आपला सकाळपाळीचा वॉचमन माणिक, त्याने टेप धरून मोजलं. दोनशे सत्तर मीटर भरलं. वायर जमिनीखालून न्यायची आहे, वरून नेली की झाडं छाटणारे दरवर्षी तोडतात.

कॅमेऱ्याचं काम हर्षदला दिलंय. तो म्हणतो तांब्याची नेटवर्क केबल टाकू आणि मध्ये दोन चेंबर करून डबे बसवू, ते सिग्नल पुढे ढकलतील. अध्यक्ष चंद्रप्रकाश काका म्हणतात खणायचंच कशाला, वायरलेस लावा. मला यातलं काही कळत नाही. कुठली केबल घ्यायची तेवढं सांग, बुधवारी मीटिंग आहे.

बाबा बरे आहेत. सकाळी मागे जाऊन पूजेला तगर आणि अनंत काढून आणतात. मी अंधेरीला ऑफिसात गेले की राधा असते त्यांच्याजवळ. काळजी करू नकोस.

ताई


जहाजावरून, १२ मे

ताई,

वायरलेस डोक्यातून काढ. मध्ये सात इमारती आणि एवढी झाडं. पावसात पानं भरली की चित्र अडखळत येणार.

तांब्याची नेटवर्क केबल शंभर मीटरपर्यंत इमानदारीत चालते. पुढे तिचा भरवसा नाही. हर्षदचे डबे काही फसवणूक नाही, लोक लावतात आणि ते चालतातही, पण कोरड्या जागी. तू ते जमिनीखाली पुरणार. शिवाय कॅमेऱ्याला लागणारी वीजही तो त्याच बारीक तारांतून पाठवणार. दिवसा पुरेल. अंधारात कॅमेऱ्याचे स्वतःचे दिवे लागतात, तो वीज जास्त ओढतो आणि इतक्या लांब तेवढी पोचत नाही. म्हणजे उजेड कमी झाला की नेमका तेव्हाच तो डोळा मिटणार.

फायबर टाक. काचेच्या तंतूतून उजेड जातो, वीज नाही. दोनशे सत्तर मीटर म्हणजे तिला काहीच नाही. शेजारी पंपाची मोटर सुरू झाली, आभाळात वीज कडाडली, तिला फरक पडत नाही. कॅमेऱ्याला वीज पंपघरातून घे, तिथे लाइन आहेच.

कमिटीने ऐकलं नाही तरी एक गोष्ट भांडून घे. पाइप जाड घ्यायचा आणि त्यात केबलबरोबर एक नायलॉनची दोरी मोकळी सोडून ठेवायची. उद्या केबल बदलायची झाली तर दोरीला बांधून ओढून घेता येते, पुन्हा खणावं लागत नाही.

पण मागे आहे काय? पंप चोरीला जातायत का? आणि ही राधा कोण? बाबांजवळ माणूस बसायला कधीपासून लागलं? गेल्या खेपेला बंदरातून फोन केला तेव्हा मला म्हणाले, "रातपाळी सुटली काय रे?" मिल बंद होऊन इतकी वर्षं झाली, त्यांची मस्करी सुटत नाही. मी खूप हसलो.

देवू


दिंडोशी, १ जून

देवू,

फायबर नाही झाली. काकांनी सरळ विचारलं, काचेची तार तुटली तर दिंडोशीत जोडणार कोण? हर्षद तांब्याचं काम रोज करतो, रात्री-अपरात्री येईल. तुझा जाड पाइप आणि दोरी मात्र मी मंजूर करून घेतली. कॅमेरा गुरुवारी सुरू झाला. दिवसा चित्र झकास आहे.

तू विचारलंस, मागे काय आहे. वाघ आहे.

म्हणजे बाबा म्हणतात आहे. तुला माहितीये, आपल्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. मार्चपासून त्यांना तो टाकीजवळ दिसतोय, फुलं काढायला जातात तेव्हा, उजाडता उजाडता. दुसऱ्या कुणालाही एकदासुद्धा दिसलेला नाही. वनखात्याची माणसं येऊन बघून गेली. मागे सगळं सिमेंट, ठसा उमटणार कुठे? ते म्हणाले, जंगल लागून आहे, असू शकतो, पण खूण काही नाही.

बाबा तेवढ्यावर थांबले असते तर ठीक होतं. एप्रिलमध्ये शाळेच्या बसला मुलं उभी असताना ते मागून ओरडत आले, "वाघ, वाघ, घरात जावा." एकच पळापळ झाली. त्यात रेवती जोशीची मुलगी पडली, हात मोडला तिचा. त्यानंतर अर्ज आला, चाळीसेक घरांच्या सह्यांचा. सदर गृहस्थांना घराबाहेर एकटं सोडू नये, भ्रमिष्ट माणसामुळे मुलांच्या जिवाला धोका आहे. सेक्रेटरी मी, त्यामुळे मीटिंगमध्ये तो मोठ्याने वाचून दाखवायचं कामही माझंच. बाबा मागच्या खुर्चीवर बसले होते. वाचून झाल्यावर त्यांनी शेजारच्याला विचारलं, "कोणाबद्दल बोलता ती?"

कॅमेऱ्यासाठी मी म्हणूनच मागे लागले. तो वाघ एकदा टीव्हीवर दिसू दे, मग या चाळीस घरांशी मी बोलते. तोवर पहाटे त्यांच्या खोलीला बाहेरून कडी घालते.

ताई


जहाजावरून, ३ जून

ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. बापाला कोंडून ठेवतेस आणि वर मला केबल कुठली ते विचारतेस.

आपल्या बाबांनी, मार्तंड परबांनी, वाघ बघितला म्हणजे वाघ आहे. कुडाळच्या घरी लहानपणी त्यांनी अंगणातून कुत्रं नेताना बघितलाय. चाळीस घरांत दुसरा कोण आहे ज्याने खरा वाघ पाहिलाय? त्या पोरीचा हात मोडला त्याचं वाईट वाटतं, पण ते ओरडले कशाला? मुलं वाचावीत म्हणूनच ना? आणि त्यांना भ्रमिष्ट म्हणणारा कागद त्यांच्याच मुलीने त्यांच्यासमोर वाचायचा. राजीनामा तोंडावर फेकता आला नाही तुला? का खुर्ची आवडायला लागली?

शेवटचं वाक्य लिहून मी मेस रूममध्ये फिरून आलो. खोडत नाही. पण तू एकटी आहेस हे मला कळतं.

कडी काढ. त्यांच्याबरोबर माणिकला पाठव. वाघ समोर आला तर पळायचं नाही आणि खाली बसायचं किंवा वाकायचं तर मुळीच नाही. वाकलेला माणूस त्याला जनावराएवढा दिसतो. ताठ उभं राहायचं, त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरायचं. हे बाबांना सांगायची गरज नाही, त्यांनीच आपल्याला शिकवलंय. ते तू लक्षात ठेव.

हर्षदच्या चेंबरमध्ये पाणी भरेल. लिहून घे.

देवू


दिंडोशी, २ जुलै

देवू,

महिनाभर लिहिलं नाही. आधी राग होता, मग वेळ नव्हता.

चेंबरमध्ये पाणी भरलं, तू म्हणालास तसं. त्याच्या आधीही दिवस कलला की कॅमेरा बंद पडायचा, डोकं काढायचा ते पूर्ण उजाडल्यावर. हर्षद चार वेळा येऊन गेला. बिचारा पावसात गुडघाभर पाण्यात उभा राहून डबे पुसत होता. परवा तोच म्हणाला, "मॅडम, तुमच्या भावाने सांगितलेलं तेच बरोबर होतं."

आता तुला जे सांगितलं नाही ते सांगते. फेब्रुवारीत मी बाबांना मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. दोन वेळा ते दूध आणायला जाऊन घर विसरले होते. सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, स्मृती जाते आहे, जाणार आहे, औषधांनी फार तर वेग कमी होईल. राधाला तेव्हाच कामाला ठेवलं, मी नसताना त्यांच्याजवळ बसायला. मी निघताना ते सहज म्हणाले, पुढे पुढे नसलेल्या गोष्टी दिसायला लागतील, वाद घालू नका. पुढच्याच महिन्यात बाबांनी येऊन सांगितलं की टाकीवर वाघ बसलाय.

तुझी रातपाळीची मस्करी, ती मस्करी नव्हती रे. तू हसलास असं लिहिलंस आणि मला पुढे सांगवेना. तू तिकडे समुद्रात. सांगून तू काय केलं असतंस? रात्री जागला असतास.

तू म्हणालास म्हणून कडी काढली. आठवडाभर माणिक बरोबर जायचा. गेल्या बुधवारी पंपघरात पाणी शिरलं म्हणून तो तिकडे अडकला आणि बाबा एकटे गेले. मला जाग आली तेव्हा दार उघडं. धावत गेले तर टाकीच्या कठड्यावर बसले होते, मांडीवर फुलांची परडी, आणि समोर बघून हसत होते. म्हणाले, "आत्ताच गेलो तो." समोर काही नव्हतं. कठड्याखाली कुत्र्याचा पट्टा पडला होता, आपल्या आवारातल्या पांढऱ्या कुत्रीचा. ती त्याच्या दोन दिवस आधीपासून दिसत नाहीये. पट्टा आपसूक तुटून पडला असेल, कुणी टाकला असेल, किंवा दुसरं काही. कॅमेरा बंद होता.

मी रोज देवाला हात जोडते, वाघ असू दे. ऐकायला वेड्यासारखं वाटेल. पण वाघ असला तर बाबांचे डोळे खरे आहेत. डॉक्टर कुठेतरी चुकलाय, निदान थोडा तरी. वाघ नसला तर मला कुठेच उभं राहायला जागा नाही.

कमिटीने फायबरला हो म्हटलं. काकांनीच विषय मांडला. नेमकी कुठली केबल, कशी टाकायची, सगळं लिही.

ताई


जहाजावरून, ३ जुलै

ताई,

माझं आधीचं पत्र फाडता येत असतं तर फाडलं असतं. ते जाऊ दे, आधी केबल.

जमिनीखाली घुशी असतात आणि त्या प्लास्टिक पाइप सहज कुरतडतात, म्हणून वरून पोलादी पापुद्रा असलेली आर्मर्ड फायबर घ्या. दुकानात सिंगल मोड म्हणून मागा, सहा तंतूंची. कामाला दोन लागतील, बाकीचे राखीव राहतील. पोलादातून मात्र वीज जाऊ शकते. त्यामुळे तो पापुद्रा कॅमेऱ्याच्या डब्यात न्यायचा नाही, बाहेरच कापायचा, आणि केबिनच्या टोकाला अर्थिंगला जोडायचा. हे हर्षदला दोनदा सांग.

जुनी तांब्याची केबल काढून टाका आणि दोरीला फायबर बांधून ओढा. हिसके नाही द्यायचे. एकाने ओढायचं, दुसऱ्याने त्या टोकाला पाइपात सोडत जायचं. वळणावर मुडपू देऊ नका, जेवणाच्या ताटाएवढा गोल असला पाहिजे. दोन्ही टोकांना थोडी जास्तीची गुंडाळून ठेवा. तंतू जोडणारा माणूस मशीन घेऊन येतो. अंधेरीला, कांदिवलीला कुठेही मिळेल, हर्षद आणेल. तो एका टोकाने उजेड सोडून दुसऱ्या टोकाला किती पोचतो ते मोजतो. ते बघितल्याशिवाय त्याला जाऊ देऊ नकोस. चेंबरमध्ये आता काही ठेवायचं नाही, केबल नुसती पार जाऊ दे.

मी कॅप्टनला भेटलो. ऑगस्टच्या मध्यापर्यंत बदली माणूस नाही आणि भर समुद्रातून कुणाला उतरवता येत नाही. पुढचे काही दिवस हवामान खराब आहे, सॅटेलाइट जाईल. मेल आला नाही तर घाबरू नकोस.

मी हसलो होतो गं. त्यांना काय वाटलं असेल?

देवू


दिंडोशी, २० जुलै

देवू,

हे तुला कधी मिळेल माहीत नाही. लिहिते.

केबल मागच्या रविवारी ओढली. हर्षद केबिनच्या टोकाला सोडत होता, मागून काका आणि माणिक ओढत होते. काकांचा रेनकोट फाटला, तरी त्यांनी दोरी दुसऱ्याच्या हातात दिली नाही. पापुद्रा बाहेरच कापला, मी उभं राहून बघितलं. उजेड नीट पोचला. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच अंधार पडल्यावरही टाकी दिसत राहिली, करड्या रंगात, पण अगदी स्वच्छ.

काल शनिवारी सकाळी, पुरतं उजाडलं नव्हतं, माणिकचा फोन आला. तो केबिनमध्ये टीव्हीसमोर होता. आवाज इतका खाली की मला आधी कळेना. "ताई, बाबा टाकीवर बसलेत. आणि ते पण आहे."

मी दाराकडे बघितलं. त्या बुधवारनंतर मी रोज रात्री दाराला आतून कडी लावायचे; ती मीच लावायला विसरले होते की त्यांनी काढली, अजून कळलेलं नाही.

फोन कानाला लावूनच जिना उतरले. माणिकला म्हटलं तू टीव्हीसमोरून हलू नकोस, मला फक्त सांगत राहा. तो सांगत होता. ते भिंतीवर आहे. बाबा हललेले नाहीत. ते खाली उतरलं. टाकीच्या दुसऱ्या अंगाला, गळतीचं पाणी साचतं तिथे आहे. ताई, पंपघराच्या पुढे धावू नका. मी थांबले. चप्पल तिथेच काढली, का ते विचारू नकोस. तुझं सगळं आठवत होतं, पळायचं नाही, वाकायचं नाही. पण बाबा बसलेले होते. बसलेला माणूस वाकलेल्यासारखाच की.

पंपघराचा कोपरा वळले आणि मला तो दिसला. देवू, मी काय लिहू? आपण चित्रात बघतो तसा नसतो. बाबांपासून आपल्या हॉलच्या लांबीएवढ्या अंतरावर, मान खाली घालून पाणी पीत होता आणि खांद्याची हाडं कातडीखाली वरखाली होत होती. मी बाबांच्या मागून गेले. ताठ चालायचं म्हणून एवढी ताठ की मान दुखली. त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "बाबा, उठा. घराक जावया."

त्यांनी वळून बघितलंसुद्धा नाही. "हळू बोल गो. पाणी पिता तो."

त्याने डोकं वर केलं.

मी बाबांना काखेत हात घालून उभं केलं. फुलं सांडली. ते परडी उचलायला वाकायला लागले तेव्हा मी त्यांना सगळ्या जोराने धरून ठेवलं, दंडावर वळ उठलेत त्यांच्या. तसेच उलटे चालत आलो, एक एक पाऊल. कानात माणिक म्हणत होता, बघतंय तुमच्याकडे, अजून बघतंय, आणि मग म्हणाला, गेलं ताई, भिंतीवरून गेलं. मला ते कळलंच नाही, मी बाबांच्या पायांकडे बघत होते.

दुपारी केबिनमध्ये ही गर्दी. वनखात्याची माणसं आली, रेकॉर्डिंग बघितलं. पाण्याची गळती बंद करा, भिंतीवर जाळी लावा, मागे दिवे लावा म्हणाले. अर्जावर सह्या करणारे बरेच जण होते. रेवती जोशी पुढे आली आणि बाबांच्या पाया पडली. काकांनी बाबांना स्वतःची खुर्ची दिली. आणि मी, देवू, मी इतकी खूश होते की मला लाज वाटत नव्हती. बाप मरता मरता वाचला आणि मी मनात म्हणत होते, वाघ आहे, वाघ खरा आहे, माझ्या बाबांना सगळं दिसतं.

बाबांना दाखवायला म्हणून माणिकने रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. बाबा पुढे सरकून बघत होते. वाघ भिंतीवरून उतरला तेव्हा सगळ्यांच्या आधी त्यांनीच बोट दाखवलं. मग बोट बाजूला सरकलं.

"तो म्हातारो कोण बसलो आसा थंय?" ते म्हणाले. "तेका उठवा रे कोणीतरी. वाघ खातलो तेका."

माणिक बंद करायला गेला, मी नको म्हटलं. बाबा खुर्चीचे हात घट्ट धरून बघत राहिले. टीव्हीवर मी कोपऱ्यावरून आले, त्यांना उठवलं, धरून मागे नेलं. तेव्हा कुठे त्यांनी श्वास सोडला आणि टीव्हीतल्या मुलीकडे बोट करून मला विचारलं,

"ता चेडू कोणाचा गो?"

मी म्हटलं, "मार्तंड परबाचा."

"बरा आसा," ते म्हणाले. "बरा चेडू आसा."

ताई


जहाजावरून, २६ जुलै

ताई,

सॅटेलाइट आज सकाळी परत आलं. तुझं पत्र वाचलं.

ऑगस्टच्या मध्याला कोलंबोला उतरतोय, तिथून पहिल्या विमानाने मुंबई. परतीचं तिकीट काढलेलं नाही.

एक काम लगेच कर. असली यंत्रं महिनाभराने जुनं पुसून त्यावर नवं चढवतात. हर्षदला सांगून तेवढा सकाळचा तुकडा बाजूला काढून ठेव. बाबांच्या शेजारी बसून बघायचाय मला. त्यांनी विचारलं तर दोघांची नावं मी सांगीन.

देवू